साईनची मुलाखत

मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, सायकलच्या कॅरियरला लोकरीचा स्वेटर बांधून नागपुरात हिंडणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय! डोक्याला ओला दुपट्टा, लू लागू नये म्हणून खिशात कांदा, आणि मागे कॅरियरवर घडी घातलेला राखाडी स्वेटर. लोक वळून वळून पाहायचे. पानठेल्यावर कुणी विचारलंच, "काहो बाबूजी, स्वेटर कायले?" तर अगदी गंभीर चेहऱ्यानं उत्तर यायचं, "मशीनघरात थंडी वाजते गा."

आणि ते शंभर टक्के खरं होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. आमच्या ऑफिसात धड चालणारे पंखे दोन. पण शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कॉलेजात एक कॉम्प्युटर आलेला होता. त्याच्या खोलीत माणसांसाठी नव्हे, मशीनसाठी गारवा केलेला असायचा. दर शनिवारी दुपारी आमच्या ऑफिसाला त्यावर थोडा वेळ मिळायचा. तेवढ्यासाठी गजभिये बाबूजी पाऊण तास सायकल मारत यायचे, दारात दुपट्टा सोडायचे, स्वेटर घालायचे, गुंड्या लावायचे आणि देवळात शिरावं तसे चपला काढून आत जायचे. चपला काढायला कुणी सांगितलं नव्हतं हो. त्यांनाच वाटायचं.

आमचं ऑफिस सिंचनाच्या मोजणीचं. माणसं उन्हातान्हात तलाव, नाले, कालवे मोजून कोन आणि अंतरं लिहून आणायची. त्या आकड्यांवरून मोजणीची कुठली खुंटी नेमकी कुठे आहे ते काढून देणारा एक गणन कक्ष होता. सहा माणसं, लांबलचक टेबल, आणि प्रत्येकापुढे गणिती कोष्टकांचं पुस्तक. कोनाचा साईन पाहा, कॉस पाहा, लॉग काढा, मिळवा, परत उलटा शोधा. दिवसभर नुसती पानं उलटल्याचा आवाज. ह्या कक्षाचे मुख्य म्हणजे गजभिये बाबूजी. मॅट्रिक पास. नागपूरच्याच इंदोऱ्यातलं, छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर, वडील कापडाच्या गिरणीत. शाळेत गणितात पहिले आले म्हणून कोष्टकांचं पुस्तक बक्षीस मिळालं होतं, तेच पुस्तक तीस वर्षं वापरत होते. पुठ्ठा गेला तेव्हा आईच्या लुगड्याचं हिरवं कापड लावून शिवून घेतलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्यांना छळायचो. "बाबूजी, त्रेसष्ठ अंशाचा साईन?"

"शून्य पॉईंट आठ नऊ एक शून्य. भाजी सरकवा इकडे."

पाठ कधी केलेलं नव्हतं म्हणे. वापरून वापरून राहिलं. शेजारच्या लोकांचे चेहरे आपण पाठ करतो का, म्हणायचे.

त्यांची आणखी एक पद्धत सांगते, कारण ती पुढे लागणार आहे. कक्षातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर दोन सह्या लागत. डाव्या कोपऱ्यात 'करणार', उजव्या कोपऱ्यात 'तपासणार'. तपासणार म्हणजे बाबूजी. निळी पेन्सिल घेऊन ते एकेका ओळीसमोर बारीक खूण करत जात. ओळ बरोबर असल्याशिवाय खूण नाही, भले मोठे साहेब डोक्यावर उभे असोत. आणि चुकलेल्या ओळीसमोर त्यांनी 'चूक' असं कधी लिहिलं नाही. 'पुन्हा पाहा' एवढंच लिहायचे. कक्षातल्या कमलताई ठवरे सांगायच्या, "मले तर सपनात बी निळ्या पेन्सिलीनं पुन्हा पाहा दिसते वं माय!"

आणि मी? मी बावीस वर्षांची, गणितात पहिला वर्ग, पुण्याला सहा आठवडे राहून फोर्ट्रान शिकून आलेली. फोर्ट्रान म्हणजे त्या मशीनशी बोलायची भाषा. अख्ख्या ऑफिसात ती एकट्या मला येत होती. त्यामुळे माझे पाय जमिनीला लागत नव्हते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आल्याआल्या ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी, टिपरे साहेबांनी, मला एक अहवाल लिहायला लावला. मशीन आल्यावर कामाची नवी व्यवस्था कशी असावी? मी झोकात चार पानं लिहिली. हातानं एवढे तास, मशीननं एवढी मिनिटं, तक्ते, बेरजा. आणि शेवटची ओळ: 'सबब, यापुढे गणन कक्षाची आवश्यकता उरणार नाही.' सबब! काय थाट होता बाईचा!

आता गंमत ऐका. ऑफिसचा नियम असा की आकडे असलेला कुठलाही कागद बाहेर जाण्याआधी गणन कक्षातून तपासून जाणार. म्हणजे माझा अहवाल गेला सरळ बाबूजींच्या टेबलावर. दुसऱ्या दिवशी परत आला. तक्त्यातल्या माझ्या दोन बेरजा चुकल्या होत्या. समोर निळ्या पेन्सिलीनं 'पुन्हा पाहा'. बाकी ओळींवर बारीक खुणा. बाबूजी माझ्या टेबलाशी येऊन एवढंच म्हणाले, "बेरजा तेवढ्या दुरुस्त करून घ्या, मॅडम. साहेबासमोर बेज्जती नको." मला तेव्हा काय वाटलं सांगू? बरं झालं, चुका सापडल्या! बेरजा सुधारल्या आणि अहवाल साहेबांकडे धाडून दिला. शरम वगैरे काही वाटली नाही. ती नंतर वाटली, आणि पुरून उरली.

पंधरा दिवसांत आदेशाचा मसुदा टाईप झाला. गणन कक्ष बंद, सहाही जणांना जिल्ह्याजिल्ह्यांत विखरून टाकायचं. बाबूजी गडचिरोलीकडे, कमलताई बुलढाण्याला. कमलताईंची दोन मुलं शाळेत, नवरा नागपुरात. त्या दिवशी कक्षात पानं उलटल्याचा आवाज नव्हता.

दुपारी बाबूजी माझ्याकडे आले. मला वाटलं, आता ऐकवणार. त्यांनी हिरवं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "मॅडम, मले एक सांगा. तुमच्या मशीनले साईन पाहाचा असन तर ते कोणतं पुस्तक पाहते?"

मी म्हटलं, "पुस्तक नाही लागत बाबूजी. साईन आतच असतो. आपण नुसतं साईन लिहायचं, कंसात कोन लिहायचा. ते काढून देतं."

"आतच?"

"हो. साईन, कॉस, वर्गमूळ, लॉग, सगळी तयार फलनं बनवून आत ठेवलेली आहेत. नाव घ्यायचं, आकडा द्यायचा, उत्तर घ्यायचं."

माझ्या कल्पनेत त्या माणसाचा चेहरा पडायला हवा होता. तीस वर्षांचं कसब एका शब्दात गेलं की हो! पण झालं भलतंच. बाबूजी खुर्चीवरून उठले, परत बसले, परत उठले. डोळे असे चमकायला लागले! "अरे बाप्पा! म्हणजे पानं उलटवाची गरज नाही? मंग त्या वेळात किती मोजणी होईन! ओ कमलताई, इकडे या! आतच बसवून ठेवला म्हणते साईन!"

मग दारात गर्दी झाली. आणि सगळ्यांसमोर ते मला म्हणाले, "मॅडम, आमाले शिकवा. सहाच्या सहा जणाइले."

मी नाही कशी म्हणणार? ते स्वतःच साहेबांकडे गेले. टिपरे साहेब माणूस वाईट नव्हते, घाईचे होते. मशीन आलं म्हणजे कामं फटाफट संपतील असं त्यांनी वर कळवून ठेवलं होतं. शेवटी एक अट घातली. रामटेककडच्या एका जुन्या मालगुजारी तलावाची मोजणी गणन कक्षानं आधी हातानं केलेली होती. तीच मोजणी चौथ्या शनिवारी कक्षाच्या लोकांनी मशीनवर करून दाखवायची. मी बाजूला उभी राहायचं, हात लावायचा नाही. जमलं तर कक्ष राहील आणि मशीनचं काम त्याच्याकडे जाईल. नाही जमलं तर सोमवारी आदेशावर सही.

झालं, शिकवणी सुरू! त्या काळी मशीनला काही सांगायचं तर एकेक ओळ एकेका कार्डावर भोकं पाडून लिहावी लागे. कार्डांचा गठ्ठा द्यायचा, मशीन तो वाचणार आणि छापील कागद बाहेर टाकणार. पहिल्याच दिवशी मी फळ्यावर साईनची ओळ लिहिली आणि म्हटलं, चला, आता मोजणीकडे वळू.

"थांबा थांबा," बाबूजी म्हणाले. "माणूस नोकरीवर घ्याचा तर मुलाखत नको का घ्याले? वळख ना पाळख, डायरेक्ट काम सोपवता का?"

त्यांची मुलाखत म्हणजे काय, तर प्रत्येक फलनाला आधी असे प्रश्न विचारायचे ज्यांची उत्तरं आपल्याला पाठ आहेत. साईनला त्यांनी पहिला प्रश्न विचारला: तीस. उत्तर शाळेतलं पोरही सांगेल, शून्य पॉईंट पाच. कागद छापून आला. त्यावर होतं: वजा शून्य पॉईंट नऊ आठ आठ.

कमलताई म्हणाल्या, "हा तर नापास झाला नं!"

माझं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मी मशीनवाल्याकडे बघितलं, त्यानं खांदे उडवले. बाबूजी मात्र कागदाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं काहीतरी लिहायला लागले होते. एक रेडियन म्हणजे सत्तावन्न अंश सतरा मिनिटं पंचेचाळीस सेकंद. गुणिले तीस. त्यातून चार पूर्ण चकरा वजा. उरले दोनशे अठ्ठ्याहत्तर अंश बावन्न मिनिटं. हिरवं पुस्तक उघडलं, बोट फिरवलं, आणि टेबलावर अशी थाप मारली की कार्डं उडाली!

"पास आहे! एकदम पास! तो रेडियनमधी बोलून राहिला मॅडम, आपण अंशात विचारून राहिलो. तीस रेडियनचा साईन बरोब्बर इतकाच येते. चूक त्याची नाही, आपण त्याले त्याच्या भाषेत विचारलं नाही!"

मी पुण्याला हेच वहीत उतरवून घेतलं होतं आणि साफ विसरले होते. माझ्या भरवशावर सरळ मोजणी केली असती तर तलाव रामटेक सोडून कुठल्या कुठे गेला असता. बाबूजींनी ते बोलून दाखवलं नाही. त्यांनी एक नवी वही काढली, साईनसाठी एक पान घातलं आणि लिहिलं: 'स्वभाव सरळ. रेडियनच खातो.'

त्या वहीचा मला इतका लोभ होता! दर शनिवारी एकदोन पानं भरायची. वर्गमूळाचं पान: 'कामसू. ऋण आकडा दिल्यास रुसतो.' लॉगची मुलाखत तर बघायला हवी होती. बाबूजींचं अर्धं आयुष्य लॉगवर गेलेलं. त्यांनी दोनचा लॉग विचारला, शून्य पॉईंट तीन शून्य एक शून्यची वाट पाहत बसले. आलं शून्य पॉईंट सहा नऊ तीन एक. कागद डोळ्यांजवळ नेला. मग हसू फुटलं. "हा आपला दहावाला लॉग नाही, हा नैसर्गिकवाला आहे. भाऊभाऊच आहेत, पण घरं वेगळी." आणि वहीत लिहिलं: 'शून्य पॉईंट चार तीन चार तीनने गुणल्यावर आपल्या घरी येतो.'

अंशाचे रेडियन करायला पाय लागतो, वर्तुळाच्या गणितातला. मी तो तीन पॉईंट एक चार लिहून मोकळी झाले होते. बाबूजींना ते पटेना. "इतक्या मोठ्या मशीनले इतका तोकडा पाय देता?" मग त्यांनी एटॅनची मुलाखत घेतली. एटॅनला टॅन सांगितला की तो कोन सांगतो. त्याला विचारलं: एक. कागद हातात आला आणि बाबूजी तो घेऊन गोलगोल फिरायलाच लागले. "ज्याचा टॅन एक तो कोन पंचेचाळीस. पंचेचाळीस म्हणजे रेडियनमधी पायचा चौथा हिस्सा. मंग याच्याच उत्तराले चारनं गुणा नं! पाय पाठ करून द्यावाच कायले, त्याच्याच तोंडून वदवून घ्या!"

चारनं गुणून घेतलं. तीन पॉईंट एक चार एक पाच नऊ तीन. बाप्पा बाप्पा! स्वेटर घातलेला पंचेचाळीस वर्षांचा माणूस त्या थंड खोलीत टाळ्या वाजवत होता, आणि आम्ही सगळे वाजवत होतो. पुढे मला कळलं की जगभरची माणसं पाय असाच मिळवतात. पण ह्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना त्यांचं त्यांना सुचलं, माझ्या डोळ्यांसमोर!

एकाच फलनावर ते नाराज होते. त्याचं नाव ए-इंट. कुठलाही आकडा दिला की तो दशांशानंतरचा भाग टाकून देतो, टिंबाआधीचा पूर्ण आकडा ठेवतो. बाबूजींनी त्याला सात पॉईंट नऊ दिलं, त्यानं सात परत दिलं. "हा कायले ठेवला? नुसती शेपटी कापते. कसबच नाही अंगात." वहीत त्याच्या पानावर शेरा पडला: 'निरुपयोगी. पुन्हा पाहा.'

आणि तो चौथा शनिवार आला.

टिपरे साहेब मशीनघरात खुर्ची टाकून बसले होते. पस्तीस मिनिटं मिळाली होती. तलावाभोवती अठ्ठेचाळीस खुंट्या, म्हणून अठ्ठेचाळीस कार्डं. प्रत्येकावर एक कोन, एक अंतर. कमलताईंनी ती आदल्या दिवशी भोकं पाडून तयार केली होती. परीक्षा साधी होती. मोजणारा तलावाला फेरी घालून निघाला त्याच खुंटीवर परत आला होता, तेव्हा गणितही त्याच जागी परत यायला हवं. थोडा फरक पडतोच, मोजायला माणसंच असतात. हातानं केलं तेव्हा बावीस सेंटिमीटरचा फरक आला होता.

मशीन खडखडलं. कागद बाहेर आला. शेवटच्या ओळीत फरक होता अडीच मीटर.

साहेबांनी चष्मा काढला. "अडीच मीटर, गजभिये."

त्यांनी हातानं केलेल्या मोजणीचा कागद पुढे ओढला.

"मशीन काही चुकत नाही," साहेब म्हणाले. "म्हणजे हातानं बावीस सेंटिमीटर आणलेत ते कसे आणलेत? इतकी वर्षं असंच चाललं होतं का?"

बाई गं! कक्ष बंद होणार हे एक. पण बाबूजींच्या तीस वर्षांच्या निळ्या खुणांवरच बोट ठेवलं गेलं होतं. कमलताईंनी पदर तोंडाला लावला. आणि खरं सांगते, एक क्षण मलाही वाटलं, असेल बुवा, मशीन कशाला खोटं बोलेल? मला अजून त्याचा राग येतो.

बाबूजी साहेबांना उत्तर देत बसले नाहीत. त्यांनी कागद उलगडून जमिनीवर पसरला, गुडघे टेकले आणि निळी पेन्सिल काढली. शेवटची ओळ पाहिलीच नाही. मधल्या साईनच्या रकान्यावरून बोट खाली खाली नेत गेले. एकदम थांबले.

"कमलताई, सातव्या खुंटीचा कोन किती?"

"सत्तेचाळीस अंश तीस मिनिटं, बाबूजी."

"सत्तेचाळीस तीसचा साईन शून्य पॉईंट सात तीन सात तीन. इथं सात तीन चार नऊ आहे. हा सत्तेचाळीस अठराचा साईन आहे." डोळे मिटून क्षणभर बसले. आणि कपाळावर हात मारून घेतला. "अठरा! साठाचे तीस शतांश म्हणजे अठरा! कार्ड दाखवा."

कार्डावर होतं सत्तेचाळीस टिंब तीस. आमच्या कक्षात कोन तसाच लिहीत, आधी अंश, मग टिंब, मग मिनिटं. वर्षानुवर्षांची सवय, सहाही जणांची. त्यांच्यात कुणाला त्यात चुकीचं दिसणारच नाही! पण मशीनला ते सत्तेचाळीस पॉईंट तीन शून्य अंश वाटलं. अर्धा अंश लिहिला होता, त्यानं तीन दशांश घेतला. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस कार्डांवर हेच.

बाबूजी उभे राहिले. "साहेब, हातानं केलं ते बरोबर आहे. मशीन बी बरोबर आहे. चूक माही आहे. मीच म्हटलं होतं कमलताईले, रोज लिव्हता तसंच लिव्हा."

"मग पुन्हा करा," साहेब घड्याळाकडे पाहत म्हणाले. "अकरा मिनिटं उरलीत."

अकरा मिनिटांत अठ्ठेचाळीस कार्डं? भोकं पाडायचं यंत्र एक, आणि तेही म्हातारं. मी तोंड उघडलं, साहेबांनी माझ्याकडे बोट केलं: तुम्ही नाही. मला काही सुचलंही नव्हतं म्हणा. बाबूजी पुटपुटत होते, अंश वेगळे पाहिजे, मिनिटं वेगळी पाहिजे, टिंबापाशी तोडाले पाहिजे, टिंबापाशी...

आणि ओरडलेच! मशीनघरात, साहेबांसमोर, जोरात! "शेपटीवाला! अहो मॅडम, आपला शेपटीवाला! कमलताई, एक कार्ड घ्या. एकच!"

उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं आणि कमलताईंनी भोकं पाडली. ए-इंटला कोन द्या, तो शेपटी कापून नुसते अंश देईल. मूळ कोनातून ते वजा करा, म्हणजे शेपटी हाती येईल. शेपटीला शंभरनं गुणा, मिनिटं झाली. साठनं भागा, अंशात आली. परत जोडा. अख्खं गणित एका ओळीत, एका कार्डावर! ते कार्ड त्यांनी गठ्ठ्यात नेमक्या जागी खुपसलं. अठ्ठेचाळीस कार्डं होती तशीच राहिली. वाचताना मशीन स्वतःच प्रत्येक कोन सुधारून घेणार होतं.

मशीन परत खडखडलं. कमलताईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. कागद आला. ह्या वेळी बाबूजींनीही पाहिला नाही, साहेबांकडे दिला.

साहेबांनी पाहिलं. परत पाहिलं. "बावीस," ते म्हणाले. "बावीस सेंटिमीटर. हातानं आलं होतं तेवढंच!"

मग काय विचारता! कमलताई रडत हसत होत्या, मशीनवाला उगाचच सगळ्यांशी हात मिळवत होता. टिपरे साहेबांनी आदेशाचा मसुदा मागवून तो फायलीत मागे लावून टाकला, आणि बाबूजींना विचारलं, "हे एका कार्डाचं कुठे शिकलात?" बाबूजी वही उघडून 'निरुपयोगी' हा शब्द खोडत होते. त्यांचं लक्षच नव्हतं.

सोमवारी मी माझ्या अहवालाची कार्यालयीन प्रत काढून पाहिली. का कोण जाणे, पाहावीशी वाटली. त्या दोन बेरजा सोडल्या तर प्रत्येक ओळीसमोर बारीक निळी खूण होती. शेवटच्या ओळीसमोर नव्हती. 'गणन कक्षाची आवश्यकता उरणार नाही' ह्या ओळीला त्या माणसानं खूणही केली नव्हती आणि 'पुन्हा पाहा' असंही लिहिलं नव्हतं. मोकळी सोडली होती. मी फाईल मिटली. लाजेनं कान तापले होते.

त्यांच्यासमोर ते पान धरायला मला बरीच वर्षं लागली. ते निवृत्त झाले तो मेचा शेवटचा दिवस होता. ऑफिसनं शाल, नारळ दिला, आणि वर्गणी काढून आणलेला एक खिशातला वैज्ञानिक कॅल्क्युलेटर. भाषण करा म्हटलं तर बाबूजी उभे राहिले आणि कॅल्क्युलेटरच सुरू केला. तीस दाबलं, साईन दाबलं. शून्य पॉईंट पाच आलं. त्यांनी नाराजीनं मान हलवली, एक बटण शोधून काढलं, परत तीस, परत साईन. मग चेहरा उजळला. "वजा शून्य पॉईंट नऊ आठ आठ! आपलाच आहे!" सगळा हॉल नुसता पाहत राहिला. हसलो ते आम्ही सातच जण.

सगळे पांगल्यावर मी पान घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. "बाबूजी, ही एक ओळ तपासायची राहिली."

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "राहिली नव्हती. सोडली होती."

"का सोडली?"

"आकडे असते तर तपासले असते. ते तुमचं मत होतं, मॅडम. आमच्याच पोटावरचं मत मीच कसं तपासू? तुम्हालेच कधीतरी पाहा लागन म्हटलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. त्यांनी खिशातून निळी पेन्सिल काढली, मला वाटलं लिहिणार, पण ती माझ्या हातात दिली. मी ती ओळ खोडली. डाव्या कोपऱ्यात नव्यानं 'करणार' लिहून सही केली. मग त्यांनी पेन्सिल परत घेतली, खोडलेल्या ओळीसमोर बारीक खूण केली आणि उजव्या कोपऱ्यात सही ठोकली. "आता बरोबर आहे," म्हणाले.

मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले. ऊन नुसतं भाजत होतं. कॅल्क्युलेटर वरच्या खिशात, कांदा खालच्या खिशात, हँडलला नारळाची पिशवी. शालीत गुंडाळलेलं हिरवं पुस्तक कॅरियरवर होतं, आणि त्याच्यावर स्वेटर बांधलेला.

"आज कशाला स्वेटर, बाबूजी? आज तर सुट्टी झाली की!"

"मशीनघरात चाललो," सायकलवर टांग टाकत ते म्हणाले. "नवं मशीन आलं म्हणे. त्याच्यात बी साईन आहे. विचारून येतो त्याले, तीस किती म्हणून."